हिजरत आणि अमानत

आपला मुलूख संकटात असताना जो माणूस तो सोडून जातो, त्याला पुढे त्या मुलखाच्या नावाने बोलण्याचा हक्क उरतो काय? प्रश्न जुना आहे आणि त्याची दोन तयार उत्तरे सर्वांना ठाऊक आहेत. एक उत्तर कडक आहे. गेला तो गेला. ज्याने मार खाल्ला त्याने बोलावे, दूर बसून उसासे टाकणाऱ्याने गप्प बसावे. दुसरे उत्तर सैल आहे. कलावंताला देश नसतो, सूर काही पासपोर्ट घेऊन फिरत नाहीत, मग कोण कुठे राहतो याची चौकशी हवी कशाला? पहिल्या उत्तरात राग आहे, दुसऱ्यात सोय आहे. दोन्हींनी माझे समाधान होत नाही. का होत नाही, हे एका माणसाच्या आयुष्याच्या आधाराने तपासून पाहावे असे वाटते.

तो माणूस म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे पियानोवादक आणि संगीतकार अब्दुल्ला इब्राहीम. मराठी वाचकांना हे नाव फारसे परिचित नसावे. जाझ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका येते आणि ते साहजिक आहे. गुलामीतून सुटलेल्या काळ्या अमेरिकनांच्या वंशजांनीच हे संगीत घडवले. त्याची रीत मात्र आपल्याला अगदीच परकी नाही. एक धून ठरलेली असते आणि वाजवणारा ती त्या त्या वेळच्या सुचण्याप्रमाणे फुलवत नेतो. ख्याल ऐकलेल्या माणसाला बंदिश आणि बढत यांचे नाते समजावून सांगावे लागत नाही; तसेच काहीसे हे आहे. विसाव्या शतकात ही रीत समुद्र ओलांडून केपटाऊन आणि जोहान्सबर्गच्या वस्त्यांत पोहोचली आणि तिथल्या तरुणांना तिच्यात आपला आवाज सापडला.

इब्राहीम यांचा जन्म ९ ऑक्टोबर १९३४ रोजी केपटाऊनमध्ये झाला. मूळ नाव ॲडॉल्फ योहानेस ब्रँड. आजी चर्चमध्ये पियानो वाजवायची, आई तिथल्या गायनवृंदाची प्रमुख होती. सातव्या वर्षी मुलगा पियानो शिकू लागला. अमेरिकन खलाशांकडून जाझच्या तबकड्या विकत घेण्यासाठी तो खिशात डॉलर बाळगायचा, म्हणून मित्रांनी त्याचे नाव 'डॉलर' पाडले, असे सांगतात. तरुणपणी ते 'डॉलर ब्रँड' म्हणूनच ओळखले जात.

केपटाऊन हे बंदराचे शहर, आणि बंदराचे शहर कधी एका रंगाचे नसते. सतराव्या-अठराव्या शतकांत डच ईस्ट इंडिया कंपनीने इंडोनेशियाची बेटे, बंगाल, मलबार, मादागास्कर अशा ठिकाणांहून माणसे गुलाम करून इथे आणली. त्यांच्यातल्या मुसलमानांना पुढे 'केप मलाय' म्हणू लागले. चर्चची स्तोत्रे, मशिदींतली अजान आणि जिक्र, नववर्षाच्या मिरवणुकींतले बँजो आणि ढोल, आफ्रिकी वस्त्यांतले 'मराबी' हे नाचाचे संगीत, हे सारे एकाच हवेत मिसळत होते.

याच शहरात आपल्या कोकणची माणसेही होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतले मुसलमान केपटाऊनला जाऊ लागले. कुणी मजुरी केली, कुणी छोटी दुकाने टाकली. १९०२ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्याला एखादी युरोपीय भाषा लिहिता येण्याची अट घातली, पुढे परवान्यांचे जाचक नियम आले. त्यामुळे पुष्कळांच्या बायकामुलांचे सारे आयुष्य गावाकडेच गेले. ज्या 'डिस्ट्रिक्ट सिक्स' वस्तीचा उल्लेख पुढे येणार आहे, तिथेही या कोकणी कुटुंबांची बिऱ्हाडे होती. म्हणजे ही हकिकत दूरच्या देशाची असली तरी तिच्या एका कोपऱ्यात आपल्या पत्त्याची माणसे आहेत.

१९४८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेदाला कायद्याचे रूप मिळाले. १९५० च्या एका कायद्याने प्रत्येक माणसाची वंशवार नोंद ठरवली, त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कोणत्या वंशाने कुठे राहायचे ते ठरवले. अशा दिवसांत, १९५९ मध्ये, डॉलर ब्रँड, तुतारीसारखे ट्रम्पेट वाजवणारे ह्यू मासेकेला, ट्रॉम्बोनवादक जोनास ग्वांग्वा, सॅक्सोफोनवादक किपी मुकेत्सी आणि आणखी दोघे एकत्र आले. 'जाझ एपिसल्स' हे त्यांच्या संचाचे नाव. जानेवारी १९६० मध्ये त्यांनी केलेली तबकडी ही काळ्या दक्षिण आफ्रिकी वादकांची पहिली मोठी जाझ तबकडी मानली जाते. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २१ मार्च १९६० रोजी, शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला. ६९ माणसे मारली गेली. आणीबाणी पुकारली गेली, जमावावर बंदी आली, आफ्रिकन नॅशनल काँग्रेस बेकायदा ठरली. जिथे चार माणसे एकत्र जमणे हाच गुन्हा, तिथे मैफल कशी व्हायची?

मग पांगापांग झाली. गायिका मिरियम मकेबा आधीच परदेशी होत्या. १९६० मध्ये आईच्या दफनविधीसाठी त्यांना मायदेशी येऊ दिले गेले नाही. मासेकेला १९६० मध्ये गेले, ग्वांग्वा त्यापाठोपाठ. १९६२ मध्ये ब्रँड आणि गायिका सतिमा बी बेंजामिन स्वित्झर्लंडला गेले. मुकेत्सी एका संगीत नाटकाबरोबर लंडनला जाऊन परत आले आणि देशातच राहिले. या संचात सर्वांत अनुभवी आणि कित्येकांच्या मते सर्वांत प्रतिभावान तेच होते. जे गेले त्यांची नावे जगाला कळली. मुकेत्सी १९८३ मध्ये वारले. शेवटची वर्षे दारूने आणि हलाखीने पोखरलेली होती. कडक उत्तर देणाऱ्यांचा सर्वांत मोठा आधार इथे आहे. जाणाऱ्याला टाळ्या मिळाल्या, राहणाऱ्याला काय मिळाले, असे कुणी विचारले तर त्याला झटकून टाकता येत नाही.

झुरिचमध्ये १९६३ साली सतिमा यांनी ड्यूक एलिंग्टन या थोर अमेरिकन संगीतकाराला गळ घालून ब्रँड यांचे वादन ऐकायला आणले. एलिंग्टन यांनी लगेच पॅरिसमध्ये ध्वनिमुद्रण करवले. ब्रँड यांच्या तबकडीवर एलिंग्टन यांचे नाव छापले गेले आणि दारे उघडली. १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात वादन झाले, १९६६ मध्ये एलिंग्टन यांच्या जागी काही कार्यक्रमांत त्यांच्याच वाद्यवृंदाचे नेतृत्व मिळाले. पॅरिसच्या त्याच मुक्कामात सतिमा यांचे गाणेही मुद्रित झाले होते. ते मात्र तीसहून अधिक वर्षे लोकांपर्यंत आलेच नाही. जाणाऱ्यांतही कुणी पुढे असतो, कुणी मागे, ही गोष्ट आपल्या प्रश्नाच्या हिशेबात धरली पाहिजे.

१९६८ मध्ये ब्रँड केपटाऊनला परतले. त्याच वर्षी त्यांनी इस्लामचा स्वीकार केला आणि अब्दुल्ला इब्राहीम हे नाव घेतले. १९७० मध्ये हजही केला. ज्या राज्यात सरकारी दप्तर माणसाची ओळख ठरवत होते, तिथे या माणसाने आपले नाव स्वतः निवडले. अब्दुल्ला म्हणजे अल्लाहचा बंदा. आपण कुणाचे बंदे आहोत हे ज्याने असे जाहीरपणे ठरवले, त्याने दुसऱ्या कुणाचे बंदे नाही हेही ठरवलेले असते.

परतल्यावर त्यांना दिसलेले शहर मात्र तेच राहिले नव्हते. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग फक्त गोऱ्यांसाठी राखीव म्हणून जाहीर केला. १९६८ पासून घरे रिकामी करणे सुरू झाले आणि पुढच्या दीड दशकात साठ हजारांहून अधिक माणसांना तिथून हलवण्यात आले. घरांवरून बुलडोझर फिरला. मशिदी आणि चर्च तेवढे उभे राहिले, आजूबाजूला मोकळे रान. माणसांना शहराबाहेरच्या वालुकामय सपाटीवर, वंशवार वाटलेल्या वसाहतींत नेऊन टाकले. कोकणी मुसलमानांना भारतीयांसाठी राखलेल्या रायलँड्स भागात जावे लागले. 'कलर्ड' म्हणून नोंदलेल्यांसाठी ज्या वसाहती उठवल्या, त्यांतली एक मॅननबर्ग.

इथे आपला मूळ प्रश्न अडखळतो. आपण सारे गृहीत धरतो की माणसे दोन प्रकारची: घर सोडणारी आणि घरी राहणारी. पण डिस्ट्रिक्ट सिक्समधली माणसे देश सोडून कुठेही गेली नव्हती. ती राहिली, आणि तरी त्यांचे घर गेले. रोजीरोटीसाठी समुद्र ओलांडून आलेल्या कोकणी माणसाने तिथे पुन्हा घर मांडले, तेही गेले. मग राहणे म्हणजे नेमके काय? शिवाय राहणे नेहमी निवडलेले असते असेही नाही. बाहेर जायला पैसा लागतो, हुन्नर लागते, बोलावणारा कुणीतरी लागतो. सरकार कित्येकांना पासपोर्टच देत नसे. जाऊ दिलेच तर परत न येण्याच्या अटीवर. ज्याला जाताच आले नाही त्याच्या राहण्याला आपण निष्ठा म्हणतो, आणि ज्याला राहताच आले नाही त्याच्या जाण्याला पळ काढणे म्हणतो. दोन्ही ठिकाणी आपण परिस्थितीला चारित्र्य समजून बसतो.

जून १९७४ मध्ये इब्राहीम केपटाऊनच्या एका स्टुडिओत काही स्थानिक वादकांना घेऊन बसले. सॅक्सोफोनवर बेझिल कोएत्झी, रॉबी जॅन्सन आणि मॉरिस गोल्डबर्ग होते. तिथे एक साधा उभा पियानो होता, हातोड्यांच्या टोकांना लहान खिळे लावलेले. त्यामुळे त्याचा आवाज जुन्या दारूगुत्त्यांतल्या पियानोसारखा किणकिणता येई. त्यावर इब्राहीम यांनी एक धून धरली. मराबीची चाल, चर्चच्या स्तोत्रांचा ठेहराव, केपच्या मिरवणुकीचा ठेका, आणि त्यावर जाझची बढत. तेरा मिनिटांहून लांब असलेल्या या रचनेला नाव दिले 'मॅननबर्ग'. ज्या वसाहतीत सरकारने माणसे नेऊन टाकली होती, तिचे नाव. रचनेत गाणे असे नाही. शेवटाकडे आफ्रिकान्स भाषेत काही शब्द पुकारलेले ऐकू येतात, आणि त्यांत न्यूयॉर्कला जाणारा आणि इथेच राहणारा या दोघांचा उल्लेख आहे. आपण ज्या प्रश्नाची फोड करतो आहोत, तो त्या वादकांना तिथेच, त्या खोलीत, ठाऊक होता.

तबकडी काढली ती जोहान्सबर्गच्या रशीद वाली यांनी. त्यांचे घराणे मूळचे भारतीय, दुकानाचे नाव 'कोहिनूर', आणि तबकड्यांच्या कंपनीचे नाव 'अश-शम्स', म्हणजे सूर्य. मोठ्या गोऱ्या कंपन्यांची वाट न पाहता दुकानाच्या गल्ल्यावरून ही धून देशभर गेली. टॅक्सींत, दुकानांत, लग्नांत ती वाजू लागली.

दोन वर्षांनी, १६ जून १९७६ रोजी, सोवेटोची शाळकरी मुले रस्त्यावर उतरली. गणित आणि समाजशास्त्र हे विषय आफ्रिकान्समधून शिकवावेत, असा सरकारचा हुकूम होता. मुलांची ती भाषा नव्हती, कित्येक शिक्षकांचीही नव्हती. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड.च्या पुस्तकात माध्यमभाषेवर एक प्रकरण असते, ते आम्ही परीक्षेपुरते पाठ करतो. सोवेटोच्या मुलांनी ते प्रकरण छातीवर गोळ्या झेलून लिहिले. इब्राहीम यांनी त्या सुमारास बंदी असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेससाठी मदतीचा बेकायदा कार्यक्रम केला, आणि मग कुटुंबासह पुन्हा देश सोडला. या खेपेला परतीचा रस्ता बंद होता. पुढची सुमारे चौदा वर्षे न्यूयॉर्कमध्ये गेली.

आता कडक उत्तर देणाऱ्याला पुन्हा बोलू द्या. तो म्हणेल, पाहा, सोवेटोच्या मुलांना जायला जागा नव्हती, या माणसाला होती. खरे आहे. आणि पुढचेही खरे आहे की १९८० च्या दशकात, १९८३ मध्ये केपटाऊनजवळ युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंटची स्थापना झाल्यावर, तिच्या सभांत 'मॅननबर्ग' वाजवली ती कोएत्झी आणि जॅन्सन यांनी. सभा कधी उधळली जाईल याचा भरवसा नसे. ती धून देशाचे अनधिकृत राष्ट्रगीत बनली म्हणतात, ती त्यांच्या फुप्फुसांतल्या हवेवर बनली. संगीतकार तेव्हा हजारो मैल दूर होता.

सैल उत्तर देणाऱ्यालाही बोलू द्या. त्याचे म्हणणे, कलावंताला देश नसतो. पण हे खुद्द इब्राहीम यांनाच मान्य दिसत नाही. न्यूयॉर्कला राहून त्यांनी आणि सतिमा यांनी स्वतःची तबकडी-कंपनी काढली तिचे नाव 'एकापा', म्हणजे केपमध्ये. १९८३ मध्ये सात जणांचा संच बांधला त्याचे नाव 'एकाया', म्हणजे घर, घरी. ज्याला देश नसतो तो परक्या शहरात बसून आपल्या प्रत्येक कामाच्या दारावर घराची पाटी कशाला लावील? त्यांच्या पियानोत शेवटपर्यंत आजीच्या चर्चची स्तोत्रे आणि केपच्या रस्त्यांचा ठेका ऐकू येतो. हे सारे उचलून नेलेले आहे, न्यूयॉर्कमध्ये मिळालेले नाही. देश नसल्याची ऐट ज्याला मिरवायची असेल त्याने हे संगीत उदाहरणाला घेऊ नये.

मग या दोन उत्तरांच्या पलीकडे काही आहे काय? मला वाटते आहे, आणि ते आपल्या परंपरेतच आहे. हिजरतीची हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. मक्का सोडण्याची वेळ आली तेव्हा हजरत पैगंबर (स.) यांच्याजवळ मक्केतल्या लोकांच्या ठेवी होत्या. त्यांत विरोधकांच्याही होत्या. कारण विरोध करणारेही त्यांना 'अमीन', विश्वासू, मानत. जीवावर बेतलेले असताना त्यांनी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले, ते या अमानती ज्याच्या त्याला पोहोचवण्यासाठी. ठेवी चुकत्या केल्यावरच हजरत अली (र.) मदीनेला निघाले. आपण या प्रसंगातले धाडस सांगतो, हिशेब सांगायला विसरतो. त्यात दोन गोष्टी एकत्र आहेत. जाणे गैर नाही. आपले सन सुद्धा त्या जाण्यापासून मोजले जाते. पण जाणाऱ्यावर अमानतीची जबाबदारी आहे, आणि ती तो मागे राहणाऱ्याच्या मदतीवाचून पार पाडू शकत नाही.

म्हणून जाणाऱ्याला 'तू का गेलास' हा प्रश्न विचारण्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. तुझ्याजवळ कुणाची कोणती ठेव होती? ती तू कशी सांभाळलीस? आणि ती परत केलीस काय?

इब्राहीम यांच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. 'मॅननबर्ग'चा कर्ता म्हणून नाव त्यांचे आहे. पण अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की तिची सुरावट जॅक्स एन्कोसी या जुन्या सॅक्सोफोनवादकाच्या 'जॅकपॉट' या रचनेशी बरीच मिळतीजुळती आहे. आणि मराबी तर कुणा एकाची नव्हेच. शहरात कामाला आलेल्या, नावनिशाणी न उरलेल्या कित्येक वादकांची ती मिळकत. याला चोरी म्हणणे मला पटत नाही. लोकसंगीत असेच हातोहात चालते. पण याचा अर्थ एवढा नक्की होतो की जे नेले ते एकट्याच्या मालकीचे नव्हते. ते अमानतच होते. जो कलावंत हे विसरतो तो ठेवीचा मालक होऊन बसतो, आणि तिथून त्याचा बोलण्याचा हक्क कमी होऊ लागतो.

दुसरा प्रश्न सांभाळण्याचा. ठेव सांभाळणे म्हणजे ती पेटीत बंद ठेवणे नव्हे. संगीत बंद पेटीत मरते. आणि तिला परक्या गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे वितळवून दुसराच दागिना घडवणे हेही नव्हे. इब्राहीम यांनी अमेरिकेतल्या उत्तम वादकांना केपच्या चाली वाजवायला लावल्या. ज्यांनी ते गाव कधी पाहिले नव्हते त्यांच्या बोटांत ते गाव घातले. त्याच वेळी परदेशातल्या कार्यक्रमांतून वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याला हातभार लावला.

तिसरा प्रश्न परतफेडीचा, आणि सर्वांत अवघड. इथे मला 'मॅननबर्ग'चे तबकडीनंतरचे आयुष्य महत्त्वाचे वाटते. संगीतकार दूर असताना धून मागे राहिलेल्यांच्या हातात होती. तिला शब्द नव्हते, म्हणून ती वाजवण्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि प्रत्येक ऐकणारा आपले दुःख तिच्यात भरू शकत होता. १९७४ मध्ये ती धून तिथे, त्या वादकांबरोबर, त्या वसाहतीच्या नावाने बसवली, हीच परतफेडीची सुरुवात होती. हजरत अली (र.) यांच्या हकिकतीत ठेवी पोहोचवण्याचे काम राहणाऱ्याकडे होते, इथेही तसेच झाले. कोएत्झी आणि जॅन्सन यांनी सभासभांतून ती ज्याची त्याला पोहोचवली.

बाकीचा हिशेब परतल्यावर. ११ फेब्रुवारी १९९० रोजी नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले. चोवीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला डिस्ट्रिक्ट सिक्सवर पाणी सोडायचा हुकूम निघाला होता. त्याच वर्षी इब्राहीम मायदेशी परतले. १९९१ मध्ये त्यांनी केपटाऊनमध्ये 'मंत्रा मोड' ही तबकडी केली, ती कोएत्झी आणि जॅन्सन यांना बरोबर घेऊन. १० मे १९९४ रोजी मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, त्या समारंभात त्यांनी पियानो वाजवला. १९९९ मध्ये केपटाऊनला तरुण वादकांसाठी 'एम सेव्हन' नावाची शिक्षणसंस्था काढली.

हिशेब पुरा चुकता झाला काय? तसे मी म्हणणार नाही. मुकेत्सी परतफेडीची वाट पाहायला उरले नव्हते. सतिमा यांचे तरुणपण त्या न निघालेल्या तबकडीबरोबर गेले. मॅननबर्ग ही वसाहत पुढेही गरिबी आणि टोळ्यांच्या मारामाऱ्यांसाठीच बातम्यांत येत राहिली. नावाची धून जगभर वाजल्याने तिथल्या एका घराचे छप्परही दुरुस्त होत नाही. काही ठेवी अशा असतात की त्यांचा धनी हयात नसतो. तेव्हा परतफेड अपुरी राहणार, हे जाणणे हाही अमानतदारीचाच भाग आहे. जो म्हणतो माझे सारे देणे फिटले, त्याच्याविषयी सावध असावे.

यातून जाणाऱ्याच्या हक्काची मर्यादाही ठरते. जे तो बरोबर घेऊन गेला त्याविषयी त्याने बोलावे: आजीची स्तोत्रे, गल्लीचा ठेका, पाडलेल्या घरांची आठवण. ती त्याची साक्ष आहे आणि ती देणे त्याचे कर्तव्य आहे. पण त्याच्या मागे जे घडले, जो मार त्याने खाल्ला नाही, त्याची साक्ष त्याने देऊ नये. ती देणाऱ्याला जागा करून द्यावी. राहणाऱ्यालाही एक मर्यादा आहे. केवळ राहिलो म्हणून ठेव माझी झाली, असे त्याला म्हणता येत नाही. त्याच्याकडेही ती कुणाचीतरी आहे.

हा विचार आपल्याला का करावा लागतो, हे सांगायला नको. कोकणातल्या किती गावांत दर दुसऱ्या घरातला कर्ता माणूस आखातात असतो. आधीच्या पिढीतला कुणी केपटाऊनला गेला, कुणी पूर्व आफ्रिकेला, कुणी बोटीवर. वर्गात वडिलांच्या कामाचे गाव विचारले तर मुले नकाशावरची दूरदूरची नावे सांगतात. गेलेल्यांवर आपण दोन प्रकारे बोलतो. एक तर पैशाच्या हिशेबाने, नाहीतर रागाने. ते आपल्याबरोबर काय घेऊन गेले, कोणती बोली, कोणती गाणी, कुणाची शिकवण, आणि त्यातले काय परत आले, हे आपण क्वचितच विचारतो. इथे राहिलेल्या आपण त्या बोलीचे काय केले, हेही विचारत नाही.

बेझिल कोएत्झी १९९८ मध्ये वारले, रॉबी जॅन्सन २०१० मध्ये. सतिमा २०११ मध्ये केपटाऊनला परतल्या आणि २०१३ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. धुनेचा कर्ता म्हणून तबकडीवर इब्राहीम यांचे नाव आहे आणि ते तसेच राहील. पण केपटाऊनच्या लोकांनी त्या धुनेचे नाव संगीतकाराला जोडले नाही. त्यांनी ते सॅक्सोफोनवाल्याला जोडले. कोएत्झी यांना सारे शहर बेझिल 'मॅननबर्ग' कोएत्झी म्हणूनच ओळखत होते. लिहिणाऱ्याचे नाव कागदावर, पोहोचवणाऱ्याचे लोकांच्या तोंडी. अमानतीचा याहून सरळ हिशेब मला तरी ठाऊक नाही.